एकशे एकोणऐंशी व्होल्ट

गुरुवारी सकाळी आठ वाजून चोवीस मिनिटांनी साळुबाई लोहोटे यांच्या समोरच्या बॉबिनवर अकराशे बारा वेढे पडले होते. उजव्या हातात वाइंडिंग मशीनचा दांडा, डाव्या हाताच्या दोन बोटांतून सरकणारी केसासारखी बारीक तांब्याची तार, आणि नजर काउंटरच्या आकड्यांवर. कुणाच्या तरी पंपाच्या स्टार्टरची कॉइल जळाली होती, ती दुपारपर्यंत द्यायची होती.

मिनिटभरानं डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला आणि पंखा मंदावला. साळुबाईंनी मान वर केली नाही. डिंगोरे गावाच्या या बाजूच्या शिवाराला थ्री फेज आली होती. कांद्याच्या आणि गव्हाच्या रानातल्या मोटारी ऑटो स्विचवर असतात, लाइन आली की मालकाची वाट न पाहता सगळ्या एकदम सुरू होतात. एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवर, सदतीस मोटारी, आणि लोहोट्यांचं दुकान त्या लाइनच्या शेवटच्या खांबावर. बल्ब पिवळा पडला म्हणजे आठ पंचवीस झाले, एवढाच त्याचा अर्थ. दिवाळीच्या आधी बिबट्यानं दोन माणसांवर झडप घातली, तेव्हापासून विजेची रात्रीची पाळी बंद झाली आणि ही वेळ रोजचीच झाली.

दुकानावर पाटी आहे, ‘रामदास मोटार रिवाइंडिंग’. रामदास म्हणजे साळुबाईंचे यजमान. विहिरीतून मोटार वर ओढणं, खोलणं, बेअरिंग ठोकणं ही त्यांची कामं. वाइंडिंग बायकोचं. साळुबाईंचं माहेर नाणेघाटाजवळचं घाटघर. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन खाली आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना इन्सुलेशनचे कागद कापायला बसवलं. दोन वर्षांनी कॉइल भरायला दिली. आता त्या बावन्न वर्षांच्या आहेत आणि आजूबाजूच्या आठ-दहा गावांतल्या विहिरींच्या तळाशी त्यांच्या हातची तांब्याची तार आहे. पाटी बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही. “पाटी वाचून कोण येतंय,” असं त्या म्हणतात.

त्या गुरुवारी मात्र पुण्याहून दोन माणसं येणार होती, आणि ती साळुबाई चोर आहेत की नाहीत हे बघायला येणार होती.

या धंद्यात चोरीचा अर्थ ठरलेला आहे. मोटारीच्या पोटात काय भरलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम भरून वर वार्निश मारलं तर कळायला एक उन्हाळा जावा लागतो. म्हणून साळुबाई जळालेली जुनी तार पिशवीत घालून, वजन करून, प्रत्येकाला परत देतात, आणि नवी कॉइल बांधताना शेवटची गाठ आपल्या पद्धतीची मारतात. घाटघरला भाताच्या रोपांची मूठ बांधतात तशी: दोन वेढे, एक पीळ, टोक आत. ती गाठ सोडली तर पुन्हा तशीच बांधणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही. तीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे वजनाचा काटा पुन्हा बघायला मागितला नव्हता.

पुण्याची माणसं मोटारीसाठी येत नव्हती. ती येत होती एका गिटारच्या अँप्लिफायरसाठी.

त्याची सुरुवात सहा वर्षांपूर्वीची. जुन्नरच्या बाजारपेठेत झुंबरलाल मुथा यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वाइंडिंगची तार साळुबाई त्यांच्याकडूनच नेतात. झुंबरशेठचा नातू जिनेश पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये गिटार वाजवतो. भारी रॉक, म्हणजे जाड तारांचा, छातीवर येणारा प्रकार. त्याचा परदेशी अँप्लिफायर जळाला. आत व्हॉल्व्ह होते, आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे, फक्त मोठे. आणि त्यांच्या मागचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला होता. पुण्यात सगळ्यांनी नवा मागवा म्हणून सांगितलं. आजोबांनी सांगितलं, “डिंगोऱ्याला जा. साळुबाई नाही म्हणाल्या, तर मग नाही.”

साळुबाईंनी तो ट्रान्सफॉर्मर तीन दिवस उलटा उलगडला. एकेक वेढा मोजत, एकेक थर वहीत लिहीत. त्यांच्या लक्षात आलं की आतल्या दोन तारा एकीवर एक गुंडाळलेल्या नाहीत. एक थर हिचा, मग एक थर तिचा, असे पाच थर आहेत. त्यांनी तसंच भरलं. जिनेश आला, दुकानातच गिटार जोडली आणि तळहाताची कड तारांवर टेकवून दोन मिनिटं वाजवलं.

साळुबाईंनी विचारलं, “आवाज फाटतोय. बराबर हाये का?”

“फाटायलाच पाहिजे, काकू. पण नीट फाटला पाहिजे.”

नीट फाटणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला साळुबाईंना पुढची पाच वर्षं लागली. त्या काळात जिनेशच्या ओळखीतले अकरा अँप्लिफायर त्यांच्या बाकावर येऊन गेले. गिटार त्यांना आजही येत नाही. पण मोटारीवर भार आला की तिचा आवाज कसा बदलतो, हे ऐकायची त्यांच्या कानाला सवय होती, आणि व्हॉल्व्हचं गणित त्याहून फार निराळं निघालं नाही. त्याला झेपेल तेवढंच दिलं तर आवाज स्वच्छ. जास्त दिलं की तो फाटतो, आणि कसा फाटतो ते त्याच्या जातीवर.

या जानेवारीत जिनेशनं पुढचा विषय काढला. दुरुस्ती पुरे, एक अँप्लिफायर मुळापासून इथंच बनवायचा. कागदावरचं त्याचं, तांबं आणि लोखंड साळुबाईंचं. त्यानं चार दिवस रजा काढली. रोज अकराला यायचा आणि तीनला जुन्नरला परतायचा. उशीर झाला की आजीचं तोंड सुरू होतं, जैनांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं. त्या चार दिवसांत व्हॉल्व्हच्या तीन जोड्या लावून पाहिल्या.

पहिली जोडी केटी ८८, पेरूएवढ्या काचांची. आवाज मोठा, तळ दणकट, पण कितीही दामटलं तरी मोडेना. साळुबाई म्हणाल्या, “ह्यो लोखंडाचा हाये. ह्याला राग येतच न्हाई.” दुसरी सिक्स एल सिक्स. आवाज रुंद, खालून जाड, वरून काचेसारखा. जिनेशला ती आवडली. साळुबाईंनी मोबाइलवर त्याच्याच बँडचा ढोल लावायला सांगितला आणि मग पुन्हा वाजव म्हणाल्या. ढोलाच्या मागे गिटार अर्धी बुडाली. तिसरी जोडी ईएल ३४. हिचा आवाज ना पोटातला ना डोक्यातला. मधला. गुरगुरता. ढोल चालू असतानाही तो पुढे येऊन उभा राहिला.

“ह्यो नरड्यातनं बोलतो,” साळुबाई म्हणाल्या. “ह्योच ठेव.”

पुरवठ्याच्या बाजूला जिनेशला जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह हवा होता, एसीचं डीसी करणारा. तो लावल्यावर गिटारवर जोराचा फटका मारला की आवाज आधी दबायचा आणि मग सावकाश वर यायचा, चिखलात नांगर रुतलेल्या ट्रॅक्टरसारखा. संथ गाण्याला ते ठीक. जिनेश वाजवायचा तुटक, एका श्वासात आठ ठोके. त्यातले निम्मे या दमात गिळले जायचे. तो व्हॉल्व्ह काढला आणि त्या जागी साधे डायोड बसले. मग तळ फार घाण येतोय म्हणून साळुबाईंनी पहिल्याच टप्प्यात कपॅसिटर बदलून खालचा आवाज कमी करायला लावला. जिनेश म्हणाला, भारी आवाजाला खालचा सूर जास्त लागतो. साळुबाई म्हणाल्या, “हिरीतल्या पायपाच्या फुटव्हॉल्व्हला जाळी कुठं बसवतो? पंपाच्या आधी का मागनं? गाळ आधी अडवायचा.” जाळी बसली आणि आवाज घट्ट झाला.

चौथ्या दिवशी जिनेशनं जे वाजवलं ते ऐकून रस्त्यापलीकडचे बाळासाहेब बांधावरून ओरडले, “वैनी, ह्यो आवाज रातच्याला पण लावा! बिबट्या पार नगर जिल्ह्यात जाईल!” बाळासाहेब शेतकरी आहेत, त्यांची मोटार वर्षाला एकदा जळते आणि तोंड वर्षभर चालतं.

एक गोष्ट त्या चार दिवसांत दोघांनीही सोडून दिली. जिनेशच्या कागदाप्रमाणे व्हॉल्व्हच्या प्लेटवर, म्हणजे काचेतल्या धातूच्या पट्टीवर, साडेचारशे व्होल्ट यायला हवे होते. साळुबाईंनी मोजले ते साडेतीनशे आले, तसे त्यांनी वहीत लिहिले. जिनेशला वाटलं, काकूंनी अनुभवानं वेढे कमी-जास्त केले असतील. साळुबाईंना वाटलं, कागद शहरातला आहे, त्यात असंच असतं. आवाज चांगला होता. कुणी कुणाला विचारलं नाही.

अँप्लिफायर पुण्याला गेला. पहिल्याच तालमीत तो ताठ, कोरडा, पत्र्यावर खडे टाकावेत तसा वाजला. बँडमधला दुसरा गिटारवाला समर्थ यानं रात्री आठला फोन केला. “मावशी, खरं सांगा, व्हॉल्व्ह बदललेत ना? जिनेशनं मॅच केलेली जोडी दिली होती तुम्हाला.”

साळुबाईंनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अँप्लिफायरचा फोटो पडला आणि खाली ओळ: ‘डिंगोऱ्याला काम देऊ नका, आतला माल बदलतात.’ ग्रुपवर एकशे चाळीस माणसं. तिसऱ्या दिवशी ती ओळ जुन्नरला झुंबरशेठच्या गल्ल्यावर पोचली आणि चौथ्या दिवशी, तार न्यायला आलेल्या एका वाइंडरच्या तोंडून, डिंगोऱ्यात. शहरातल्या गिटारवाल्यांचं काय ते साळुबाईंनी सोडून दिलं असतं. पण परवा एक जण जळालेली सबमर्सिबल घेऊन आला आणि मोटार खाली ठेवता ठेवता हसत म्हणाला, “साळुताई, औंदा वजन माझ्याच काट्यावर करू.”

त्या रात्री रामदास म्हणाले, “त्या पोराला फोन कर. काय ते मिटवून टाक. व्हॉल्व्ह नवे घेऊन देऊ.”

“नवे दिले म्हणजे जुने मी खाल्ले,” साळुबाई म्हणाल्या. “अहो, मी काय घेतल्यालं न्हाई नि काय देणार न्हाई.” मग त्यांनीच जिनेशला फोन लावला. मशीन घेऊन या. त्या दुसऱ्याला घेऊन या. माझ्या दुकानात, माझ्या बाकावर, दिवसाउजेडी खोला. मी हात लावणार नाही.

दहाला येणारी गाडी सव्वाअकराला आली. समर्थ उंच, काळा टीशर्ट, बोलताना मोबाइल हातात तयार. त्यानं आल्या आल्या चित्रण सुरू केलं.

“घे,” साळुबाई म्हणाल्या. “सगळं घे. आधी माझं हात घे.” दोन्ही हात त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरले आणि मग पदरात गुंडाळून स्टुलावर बसल्या.

स्क्रू जिनेशनं काढले. चासी, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, उलटी झाली. दोन्ही ईएल ३४च्या बुडाशी, काच आणि बेस यांच्या सांध्यावर, सुती दोरा गुंडाळलेला होता, दोन वेढे, एक पीळ, टोक आत, आणि वर वार्निश वाळून कडक झालं होतं.

“हे काय आहे?” समर्थनं विचारलं.

“माझी गाठ. मी बांधते ते असं बांधते. जानेवारीत ह्यानं माझ्या हातात जोडी दिली तवाच बांधली, ह्याच्यासमोर.” त्यांनी जिनेशकडे बघितलं. जिनेशनं मोबाइलमधला जानेवारीचा फोटो काढून समर्थपुढे धरला. तीच काच, तोच छापील नंबर, तोच दोरा.

समर्थ हटला नाही. “मग दुसरं काहीतरी बदललंय. हा आवाज तो आवाज नाही, मावशी. मी वेडा नाहीये.”

“तू येडा हायेस असं मी म्हनलेच न्हाई. वाजव.”

साडेअकराला जिनेशनं गिटार लावली. पहिल्या फटक्यालाच दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आवाज जानेवारीतला होता. गुरगुरता, घट्ट, कडेला अलगद फाटणारा. समर्थनं गिटार स्वतःकडे घेतली आणि दहा मिनिटं वाजवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता आणि तो त्याला लपवता येत नव्हता.

“आत्ता कसा चांगला वाजतोय?” तो म्हणाला.

“तेच मी तुला इचारते. मी तर हात पदरात धरून बसले.”

“गाडीत हादरे बसून काहीतरी जुळलं असेल. लूज काँटॅक्ट.”

मग दुपारभर लूज काँटॅक्टचा शोध चालला. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं व्हॉल्व्ह ठोकून झाले, सॉकेट हलवून झाले, चासी उचलून आपटून झाली. आवाज जागचा हलला नाही. मध्ये रामदासांनी जेवायला बोलावलं. जिनेशपुरतं कांदा न घातलेलं पिठलं वेगळं केलेलं होतं. समर्थनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा पेन्सिल हातात घेतली. तीन वाजता बाळासाहेब काही काम नसताना येऊन पायरीवर टेकले.

“पावणं, चोर घावला का?”

“बाळासाहेब, गप बसा,” साळुबाई म्हणाल्या.

“न्हाई, म्हनलं घावला तर माझी मोटार पण त्यानंच जाळली का इचारू.”

चार वाजता जिनेशनं शेवटची शक्यता मांडली. पुण्याची खोली, तिथले स्पीकर, भिंती. समर्थ चिडला. “भिंतीनं आवाज पत्र्यासारखा होत नाही, जिन्या. मला सांगू नको. मी आज जाऊन ग्रुपवर एवढंच लिहीन की काही सापडलं नाही.”

“म्हंजी चोरी झाली, पण घावली न्हाई,” साळुबाई म्हणाल्या.

“तसं नाही मावशी—”

“तसंच हाये. वाजव. तुझी गाडी निघंस्तोवर वाजवत ऱ्हा.”

समर्थनं वाजवायला घेतलं. जाड तारेवर आठ ठोके, एक थांबा, पुन्हा आठ. पंधरा-वीस मिनिटं तो तेच घोटत होता, रागानं, चांगलं. चार पंचवीसला, सहाव्या ठोक्यावर, आवाज बदलला. गुरगुर गेली. उरलेले दोन ठोके ताठ, कोरडे, पत्र्यावर खडे पडावेत तसे पडले.

“हाच!” समर्थ ओरडला. “हाच, हाच पुण्याचा! कुणी हात लावला?”

कुणी हात लावला नव्हता. बल्ब पांढरा झाला होता आणि पंखा घरघरायला लागला होता. पायरीवरचे बाळासाहेब उठून उभे राहिले. “गेली बघा थ्री फेज. माझं दोन वाफं ऱ्हायलं, राव.” शिवारातल्या सदतीस मोटारी बंद पडल्या होत्या.

साळुबाई स्टुलावरून उठल्या. दुकानाच्या भिंतीवर टेस्टिंगच्या फळीवर एक मोठा गोल व्होल्टमीटर आहे. मोटार तपासताना त्या त्याच्याकडे दिवसातून वीसदा बघतात. अँप्लिफायर ऐकताना त्यांनी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं, कारण ऐकायचं काम कानाचं. काटा दोनशे एक्केचाळीसवर होता.

“जिनेश, तुमच्या पुण्याच्या खोलीत किती असतं?”

“दोनशे पस्तीसच्या आसपास असेल. कधी मोजलं नाही.”

साळुबाईंनी डावा हात कंबरेमागे पदरात खोचला. चालू व्हॉल्व्हच्या चासीवर त्या एकाच हातानं काम करतात; दोन हात गेले तर करंट छातीतून जातो. उजव्या हातानं प्लेटला मीटरचं टोक लावलं. चारशे एकाहत्तर. मग त्यांनी जानेवारीची वही काढली आणि पान उघडून तिघांसमोर ठेवली. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: प्लेट ३५०.

जिनेशनं वही जवळ ओढली.

“चार दिवस आपण अकरा ते तीनच ऐकलं,” जिनेश म्हणाला. “सगळे पंप चालू असताना.”

“मोटारी बंद झाल्या की हितं जळकं घेऊन मानसं येत्यात. मला बी कधी नंतर ऐकायला वेळ घावला न्हाई.”

साळुबाईंनी कोपऱ्यातला डिमरस्टॅट ओढून पुढे घेतला. गोल मूठ फिरवली की पाहिजे तेवढे व्होल्ट देणारं हे जड यंत्र प्रत्येक रिवाइंडिंगच्या दुकानात असतं. अँप्लिफायर त्यावर जोडला. दोनशे वीस, दोनशे, एकशे नव्वद. समर्थ एकेका टप्प्याला तेच आठ ठोके मारत गेला. आवाजाचा ताठा हळूहळू सुटला. एकशे ऐंशीच्या जरा खाली गुरगुर परत आली. काटा एकशे एकोणऐंशीवर होता, रोज सकाळी सदतीस मोटारी सुरू झाल्यावर जिथं येऊन थांबतो तिथंच.

“म्हणजे अँप लो व्होल्टेजवर ट्यून झालाय,” समर्थ म्हणाला. सुटल्यासारखा हसला. “गावच्या खराब लाइटवर.”

“खराब तुझ्या कानाला वाटली का? सकाळधरनं तर खुशीत वाजवत व्हतास.”

बाळासाहेब खोकले. समर्थ म्हणाला, “नाही, आवाज भारीच आहे. मग असा डिमरस्टॅटच घेऊन टाकतो एक. प्रश्न मिटला.”

साळुबाईंनी उत्तराऐवजी दुकानाचा बल्ब बंद केला आणि चासी त्याच्याकडे वळवली. व्हॉल्व्हच्या पोटातली चूल, म्हणजे त्याला तापवणारी तार, मंद तांबडी दिसत होती. डिमरस्टॅटची मूठ दोनशे तीसवर नेली, तशी ती नारिंगी झाली. “ह्या चुलीला सहा पॉइंट तीन लागत्यात. एकशे एकोणऐंशीला तिला चार पॉइंट नऊच मिळत्यात. असं चालवलं तर व्हॉल्व्ह वर्षाच्या आत मरंल. ही चूक माझी. मोटारीला मी लाइन मोजूनच हात लावते, हितं मोजली न्हाई. प्लेटचं कमी केलं तर आवाज येतो. चुलीचं कमी केलं तर व्हॉल्व्ह जातो. दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर भरायला नको व्हतं.”

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मुख्य ट्रान्सफॉर्मरला पहिल्या बाजूचे वेढे सहाशे होते. दोनशे पस्तीसचे एकशे एकोणऐंशी भासायचे तर सातशे अठ्ठ्याऐंशी लागतील. सहाशेवर एक टोक बाहेर काढायचं, सातशे अठ्ठ्याऐंशीवर दुसरं, मागे एक स्विच. चुलीला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर, त्याला पुरे व्होल्ट. जिनेशनं दोनदा ताळा केला आणि मान हलवली.

“सोमवारी नेऊ?” समर्थनं विचारलं.

“आधी लिही.”

“काय?”

“जिथं लिहिलंस तिथंच. त्याच एकशे चाळीस मानसांत. जिनेशशेठ, ह्यानं लिहिल्यालं मला मोठ्यानं वाचून दाखवायचं.”

समर्थनं मोबाइल उघडला. अंगठे थोडा वेळ चालले. जिनेशनं वाचलं, “डिंगोऱ्याच्या अँपबद्दल थोडा गैरसमज झाला होता, व्होल्टेजचा इश्यू—”

“गैरसमज झाला न्हाई. तू लिहिलंस. पूस.”

“मावशी, अर्थ तोच आहे.”

“तोच हाये तर माझा लिही. व्हॉल्व्ह बदलल्याले नव्हते. मी न बघता लिहिलं. पुढं तुझं नाव.”

“नाव ग्रुपवर दिसतंच.”

“मग लिहायला काय जड जातंय?”

रामदास दारात उभे होते. ते आत गेले नाहीत. समर्थनं जिनेशकडे बघितलं. जिनेश स्क्रू डबीत भरत होता. चार चाळीसला तीन ओळी ग्रुपवर पडल्या, आणि शेवटी नाव. साळुबाईंनी त्या जिनेशकडून दोनदा वाचून घेतल्या. मग झुंबरशेठच्या फोनवर पाठवायला लावल्या, दुकानात आल्या-गेल्याला दाखवा म्हणून. बाळासाहेबांनी आपणहून सांगितलं की डिंगोऱ्यात मोबाइलची गरज नाही, ते स्वतः आहेत.

निघताना समर्थ स्विचच्या भोकाची जागा पेन्सिलीनं आखत होता. वर-खाली काय लिहायचं, हाय आणि लो का, त्यानं विचारलं.

“वर पुणे. खाली डिंगोरे.”

“मावशी, स्टेजवर लोक मागून फोटो काढतात. डिंगोरे?”

“मग वरचा वाजव,” साळुबाई म्हणाल्या. “पत्र्यासारखा.”

समर्थनं पेन्सिलीनं आखलेल्या भोकाखाली, देवनागरीत, डिंगोरे लिहिलं.

अँप्लिफायर बाकावर राहिला आणि गाडी पावणेपाचच्या सुमाराला जुन्नरच्या रस्त्याला लागली. परवा काट्याची भाषा करणाऱ्याची सबमर्सिबल दाराशी तशीच पडली होती. साळुबाईंनी रामदासांना त्या माणसाला निरोप द्यायला सांगितलं: मोटार उद्या मिळेल, जळकी तार घेऊन जायला स्वतः यायचं, आणि काटा त्याचाच आणायचा. मग त्यांनी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या एकेक सुट्या करून गठ्ठा बांधला, मोकळा बॉबिन मशीनला लावला आणि काउंटर शून्यावर आणला.

उद्या शुक्रवार. डिंगोऱ्याच्या या डीपीवर थ्री फेज सकाळी आठ पंचवीसला येते आणि दुपारी चार पंचवीसला जाते.